शेवटची फवारणी केव्हा झाली? फळे-भाज्या घेताना विचारण्यासारखे काही

खान्देशातल्या भाजीबाजारांत आता एक प्रश्न सर्रास विचारला जातो: "ही भाजी फवारलेली आहे का?" विक्रेता नाही म्हणतो आणि ग्राहक पिशवी पुढे करतो. या प्रश्नोत्तरातून हाती काहीच लागत नाही, कारण वांगी, भेंडी, मिरची, फुलकोबी यांसारखी पिके विक्रीसाठी घ्यायची म्हटली की बहुतेक शेतांत फवारणी होतेच, आणि बाजार समितीतल्या पहाटेच्या लिलावात माल घेणाऱ्या किरकोळ विक्रेत्याला ती केव्हा आणि कशाची झाली हे अनेकदा माहीतच नसते. उपयोगाचे प्रश्न तीन आहेत. शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस गेले? औषध फळाच्या बाहेरच राहणारे होते की झाडाच्या रसात मिसळणारे? आणि फवारा ज्या भागावर पडतो तोच भाग आपण खातो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दर वेळी मिळणार नाहीत, पण तिसऱ्याचे उत्तर प्रत्येकाला स्वतःच काढता येते, आणि खरेदीतला निम्मा निर्णय त्यावरच होतो.

फवारलेले औषध पिकावर कायम राहत नाही. ऊन, वारा, पाऊस आणि वनस्पतीची स्वतःची जीवनक्रिया यांमुळे ते हळूहळू विघटित होत जाते. फळ वाढत असेल तर त्याचे वजन वाढल्यामुळेही किलोमागचे प्रमाण कमी होते. तोडणीच्या वेळी जे शिल्लक राहते त्याला अंश म्हणतात. प्रत्येक औषधाच्या डब्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात अमुक पिकावर शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबून तोडणी करावी, हे लिहिलेले असते. हा प्रतीक्षा कालावधी पाळला गेला, तर अंश बहुधा मर्यादेच्या आत येतात. तो पाळला गेला नाही, तर तेच औषध, त्याच मात्रेत, मर्यादा ओलांडू शकते.

येथे भाज्यांची एक खरी अडचण आहे आणि तिचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकता येत नाही. गहू किंवा हरभरा एकदाच कापला जातो, त्यामुळे शेवटच्या फवारणीनंतर थांबणे सोपे असते. भेंडी ऐन बहरात असताना दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस उशीर झाला तर ती जून होते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही. औषधाचा प्रतीक्षा कालावधी पाच दिवसांचा आणि तोडणी दिवसाआड, असा हा पेच आहे. जाणकार शेतकरी तोडणी उरकल्यावर त्याच दिवशी फवारणी करतात, म्हणजे पुढच्या तोडणीपर्यंत निदान मधला वेळ तरी मिळतो, आणि तोडे चालू असताना कमी प्रतीक्षा कालावधीची औषधे निवडतात. सगळेच तसे करतात असे नाही. युरोपीय संघ भारतातून येणाऱ्या भेंडीची कीटकनाशकांच्या अंशांसाठी सीमेवर वाढीव तपासणी करतो, त्यामागचे एक कारण हा पेच असणार, असे मला वाटते.

दुसरा प्रश्न औषधाच्या स्वभावाचा. काही औषधे स्पर्शजन्य असतात; ती पानाच्या आणि फळाच्या पृष्ठभागावर राहतात आणि किडीचा त्यांच्याशी संपर्क आला की काम करतात. सायपरमेथ्रीन हे कीटकनाशक आणि मॅन्कोझेब हे बुरशीनाशक या प्रकारचे आहे. काही औषधे आंतरप्रवाही असतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींसाठी वापरली जाणारी औषधे झाडाच्या आत शिरून रसाबरोबर वाहतात. पृष्ठभागावरचे औषध धुऊन, पुसून किंवा साल काढून बऱ्याच प्रमाणात जाते. आत शिरलेले औषध कितीही धुतले तरी निघत नाही; तेथे दिवसांचे अंतर हाच उपाय, आणि म्हणूनच मी शेवटच्या फवारणीच्या प्रश्नाला पहिले स्थान दिले आहे.

मर्यादा म्हणजे नेमके काय, याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. भारतात कोणत्या पिकात कोणत्या औषधाचा किती अंश चालेल, हे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण ठरवते आणि तो आकडा मिलिग्रॅम प्रति किलो असा दिलेला असतो. जेथे स्वतंत्र आकडा ठरलेला नाही, तेथे सर्वसाधारणपणे 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा धरली जाते. सावदा-रावेरकडून उत्तरेला जाणारा केळीचा एक ट्रक 10 टनांचा धरला, तर अशा 10 ट्रकांत मिळून एक ग्रॅम, इतके ते प्रमाण सूक्ष्म आहे. ही मर्यादा शेतातल्या चाचण्यांवरून काढतात: लेबलवरील सूचनांप्रमाणे औषध वापरले तर जास्तीत जास्त किती अंश उरेल, याचा तो अंदाज असतो. त्यामुळे मर्यादा ओलांडली गेली याचा पहिला अर्थ शेतात नियम मोडला गेला असा होतो. ती भाजी खाणारा लगेच आजारी पडेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

आरोग्याची रेषा वेगळ्या रीतीने काढतात. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय दिसत नाही, त्या मात्रेला साधारणपणे 100 ने भागून माणसाने आयुष्यभर रोज घेतली तरी चालेल अशी मात्रा ठरवली जाते. क्लोरपायरीफॉस या औषधासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ही मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे 0.01 मिलिग्रॅम धरली होती. समजा, एखाद्या भेंडीत किलोमागे 0.5 मिलिग्रॅम अंश निघाला. 60 किलो वजनाच्या माणसाची रोजची मर्यादा 0.6 मिलिग्रॅम होते आणि 200 ग्रॅम भेंडीतून त्याच्या पोटात 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेचा सहावा भाग जातो. 15 किलो वजनाच्या मुलाची मर्यादा 0.15 मिलिग्रॅम, त्याने निम्मीच, म्हणजे 100 ग्रॅम भाजी खाल्ली तरी 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेचा तिसरा भाग जातो. ताटात निम्मी भाजी असूनही मुलाचा वाटा दुप्पट झाला. लहान मुलांच्या आणि गर्भवतींच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी असे जे सांगितले जाते, त्यामागे हे साधे गणित आहे. शिवाय वाढता मेंदू अधिक नाजूक असतो. याच क्लोरपायरीफॉसची मंजुरी युरोपीय संघाने 2020 मध्ये काढून घेतली, कारण मुलांच्या मेंदूच्या वाढीवरील परिणाम पाहता सुरक्षित मात्राच ठरवता येत नाही, असा तेथील तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. म्हणजे आजची मर्यादा उद्या बदलू शकते. शिवाय मर्यादा एकेका औषधाची स्वतंत्र असते आणि ताटात मात्र अनेक औषधांचे अंश एकत्र येतात. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण जो अंश थोड्या श्रमाने आणि जवळजवळ बिनखर्चात कमी होतो, तो कमी न करण्याचेही काही कारण नाही.

भीतीपोटी भाजी कमी खाणे हा मात्र सर्वांत वाईट निर्णय ठरेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान 400 ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात असे सांगते, आणि त्या न खाल्ल्याने हृदयविकारासारख्या आजारांचा धोका वाढतो हे चांगले सिद्ध झालेले आहे.

मोबाइलवर दरवर्षी अमेरिकेतली "सर्वांत दूषित बारा" अशी एक यादी फिरते आणि तीत स्ट्रॉबेरी बहुधा अग्रभागी असते. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या घरात रोज स्ट्रॉबेरी येत नाही. येतात वांगी, भेंडी, गिलके, मेथी, मिरची. अमेरिकेतली शेती, तिथल्या किडी आणि तिथली औषधे वेगळी आहेत, त्यामुळे ती यादी आपल्या स्वयंपाकघराला लागू पडत नाही. आपल्या भाज्यांचा विचार आपल्यालाच करावा लागेल.

वांग्यापासून सुरुवात करावी. वांग्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडे आणि फळ पोखरणारी अळी. ती एकदा आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती शिरण्यापूर्वीच गाठण्यासाठी फवारण्यांची संख्या वाढत जाते. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरताचे वांगे काड्यांवर भाजले जाते आणि भाजल्यावर त्याची साल काढून टाकली जाते. सालीबरोबर पृष्ठभागावरचे औषधही बहुतेक निघून जाते. तरीही वांगे भाजण्यापूर्वी धुऊन पुसावे, कारण साल सोलताना तेच हात आतल्या गराला लागतात. भरल्या वांग्यांचे तसे नाही. तेथे साल खाल्ली जाते, म्हणून देठाची हिरवी टोपी काढून टाकावी, कारण फवारणीचे द्रावण ओघळून तिच्या कडेला साचते, आणि मग वांगी चिरण्यापूर्वी नीट चोळून धुवावीत. भरताबरोबर तोंडी लावायला घेतलेली कांद्याची पात कच्चीच खाल्ली जाते. भरीत करणाऱ्याने वांग्यापेक्षाही या पातीच्या धुण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मिरचीवर फुलकिडे आणि कोळी येतात, पाने आकसून चुरडा-मुरडा होतो आणि शेतकरी वारंवार फवारणी करतो. हिरवी मिरची ठेच्यात किंवा चटणीत जवळजवळ कच्ची जाते. नंदुरबारच्या पथारींवर वाळणाऱ्या लाल मिरचीत आणखी एक गोष्ट घडते: पाणी उडून जाते, पण सगळा अंश उडून जात नाही, त्यामुळे किलोमागचे त्याचे प्रमाण वाढते. मात्र तिखट आपण चमच्याने खातो आणि भाजी वाटीने, त्यामुळे पोटात जाणारी एकूण मात्रा पाहिली, तर लाल तिखटाची धास्ती घेण्याचे कारण उरत नाही. वर्षाचे तिखट घरी करणाऱ्यांनी मिरची ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावी, एवढे पुरे.

मेथी, शेपू, कोथिंबीर, पोकळा यांचा पानांचा पसारा वजनाच्या मानाने मोठा असतो, म्हणून त्यांच्यावर औषध अधिक बसते, आणि त्या महिना-दीड महिन्यात काढल्या जात असल्याने औषध जिरायला वेळही कमी मिळतो. जुडी बांधलेली असतानाच नळाखाली धरणे पुरेसे नाही. ती सोडून, मुळे कापून, पाने मोठ्या पातेल्यात दोन-तीन वेळा पाणी बदलून खळबळावीत. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. फुलकोबी अखंड धुण्यात अर्थ नाही, तुरे वेगळे करूनच धुवावेत.

याच्या उलट बाजूला ज्यांचा फवारा पडणारा भाग आपण टाकून देतो अशी फळे-भाज्या आहेत. केळी, पपई, टरबूज, सीताफळ, सोललेला मटार, तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे, कांदा, लसूण, गंगाफळ (लाल भोपळा). ज्या घरात लहान मूल आहे आणि भाजी कुठून आली ते कळण्याची सोय नाही, त्या घराने आठवड्यातले दोन-तीन दिवस या भाज्यांकडे वळवावेत. खान्देशला केळी घरचीच आहे आणि या विचाराने ती मुलांसाठी फार चांगले फळ ठरते. करपा रोगासाठी बागेत फवारण्या होतात, परंतु घडावर पिशवी असली तर फळावर थेट कमी औषध पडते आणि उरलेले बहुतांशी सालीबरोबर जाते. टरबूज कापण्यापूर्वी मात्र धुवावेच, कारण सुरी बाहेरच्या सालीवरचे सगळे आत नेते.

केळीच्या संदर्भात लोक कार्बाइडचा विषय काढतात. तो कीटकनाशकाचा विषय नव्हे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असू शकतात; वखारीतल्या बंद खोलीत इथिलीन वायूने केळी पिकवणे मात्र कायदेशीर आहे, आणि इथिलीन हा वायू फळ स्वतःही तयार करते. त्याचप्रमाणे भेंडी-मटार हिरवेगार दिसावेत म्हणून लावलेला रंग ही भेसळ आहे. ओल्या कापसाच्या बोळ्याने भेंडी पुसल्यावर बोळा हिरवा झाला, तर ती घेऊ नये.

द्राक्षांच्या बाबतीत एक घटना सांगण्यासारखी आहे. 2010 मध्ये युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. निर्यातीच्या द्राक्षांची बागनिहाय नोंद आणि प्रयोगशाळेतली तपासणी त्या आधीही होत होती. त्यानंतर तपासायच्या रसायनांची यादी आणि तपासणीची काटेकोरता वाढली. देशातल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक गाडीची अशी तपासणी होत नाही, अधूनमधून नमुने घेतले जातात. जी शिस्त परदेशी ग्राहकासाठी शक्य आहे, ती जळगावच्या ग्राहकासाठीही हळूहळू आली पाहिजे, अशी माझी मनापासून मागणी आहे. तोपर्यंत द्राक्षे घडावरून सुटी करून धुवावीत. मण्यांवरची पातळ पांढुरकी झाक बहुधा नैसर्गिक मेणाची असते. पांढरे किंवा निळसर थेंबांचे डाग मात्र फवारणीचे असू शकतात.

धुण्याबद्दल इतके उपाय सांगितले जातात की माणूस गोंधळून जातो. अमेरिकेतील कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्राने केलेल्या तुलनेत, वाहत्या पाण्याखाली किमान 30 सेकंद चोळून धुतल्यावर तपासलेल्या 12 पैकी 9 औषधांचे अंश स्पष्टपणे कमी झाले, आणि बाजारात मिळणारी खास भाजी धुण्याची द्रावणे साध्या पाण्यापेक्षा सरस ठरली नाहीत. औषध पाण्यात विरघळते की नाही यापेक्षा चोळण्याचे आणि वाहत्या पाण्याचे काम मोठे असते. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात लिटरमागे सुमारे 10 ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर दोन औषधांचे पृष्ठभागावरचे अंश निघून गेले. पण त्यांतल्या थायाबेंडाझोल या आंतरप्रवाही बुरशीनाशकाचा सुमारे 20 टक्के भाग सालीच्या आत गेलेला होता आणि तो कशानेही निघाला नाही. म्हणून टणक सालीच्या फळांसाठी आणि मिरची-टोमॅटोसाठी सोड्याचे पाणी वापरावे आणि नंतर साध्या पाण्याने धुवावे. पालेभाज्यांना साधे भरपूर पाणी पुरते. कपड्यांचा किंवा भांड्यांचा साबण भाजीला कधीही लावू नये, तो भाजीत मुरतो. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी, हा क्रम आपल्या आज्या पाळत आल्या आहेत आणि तो सर्वस्वी योग्य आहे.

शिजवल्याने सगळे नष्ट होते, ही समजूत अपुरी आहे. उष्णतेने काही औषधे मोडतात, काही टिकतात, आणि मॅन्कोझेबसारख्या औषधापासून तापवल्यावर इथिलीनथायोयुरिया हा अधिक चिंताजनक पदार्थ तयार होऊ शकतो. म्हणून शिजवण्याच्या भरवशावर धुणे टाळू नये.

किडलेली भाजी म्हणजे बिनफवारणीची, असे पुष्कळ जण मानतात. ज्या अळीवर औषध चालेनासे झाले आहे, ती अनेक फवारण्यांनंतरही वांग्यात सापडते. तेव्हा कीड हा शुद्धतेचा दाखला होत नाही. उलट अंगाने मात्र एक गोष्ट खरी आहे: एकही डाग नसलेलाच माल हवा, असा ग्राहकांचा आग्रह असतो तेव्हा शेतकरी शेवटच्या दिवसापर्यंत फवारत राहतो. सालीवर थोडा ओरखडा असलेली भाजी आपण घेऊ लागलो, तर त्याच्यावरचा हा दबाव कमी होईल.

सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाची पारख शब्दावरून करू नये. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या सेंद्रिय मालावर "जैविक भारत" हे चिन्ह असते, आणि त्यामागे एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडिया (सहभागी हमी पद्धत) यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र असते. पीजीएसमध्ये शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. "पीजीएस-इंडिया ग्रीन" हे चिन्ह रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याच्या काळातल्या शेताचे असते, पूर्ण सेंद्रिय शेताचे नव्हे. थेट विक्री करणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राच्या अटीतून सवलत आहे, म्हणून कागद नाही एवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नये. "रेसिड्यू फ्री" असे लिहिलेला माल सेंद्रिय असेलच असे नाही. त्यात औषधे वापरलेली असू शकतात, फक्त तपासणीत अंश आढळले नाहीत असा तो दावा असतो.

खान्देशाचा एक विषय राहतो तो कापसाचा. अनेक घरांत कपाशीच्या बांधावर चवळी, अंबाडी, गवार लावलेली असते, आणि पावसाळ्यात कपाशीच्या ओळींतली तांदुळजा-चिवळ खुडून आणली जाते. ही भाजी विकतची नसते, म्हणून ती निर्धोक मानली जाते. पण कपाशीवरचा फवारा तिच्यावरही पडलेला असतो आणि कपाशीसाठी मंजूर झालेली औषधे पालेभाजीसाठी मंजूर असतातच असे नाही. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापराला 2005 पासून बंदी होती, तरी कपाशीसाठी आणलेला डबा घरात असला की उरलेले औषध वांग्यावर मारले जाण्याचा धोका राहतोच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. अंशांची चर्चा करताना हे विसरता कामा नये की ग्राहकाच्या ताटात मिलिग्रॅमचा अंश येतो आणि फवारणी करणाऱ्याच्या अंगावर संपूर्ण द्रावण उडते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पावसाळ्यात येणारी जंगलातली करटुली या बाबतीत वेगळी. ती विकणाऱ्या बाईंकडून जरूर घ्यावीत.

शहरातल्या मंडईपेक्षा आठवडे बाजारात एक सोय असते: तेथे स्वतःच्या शेतातला माल घेऊन बसलेले शेतकरी भेटतात. त्यांना दरडावून विचारू नये. "दादा, माल घरचा आहे का? शेवटचा फवारा कधी मारला होता?" एवढे आपुलकीने विचारले, तर बरेच जण खरे सांगतात, आणि "परवाच मारला, आज हे घेऊ नका, ते घ्या" असे सांगणारेही असतात. अशा माणसाकडे पुन्हा जावे, तोडणी करूनच फवारत असेल तर किलोमागे दोन रुपये जास्त द्यावेत आणि ते कशासाठी देतो आहोत हे त्याला स्पष्ट सांगावे. एखाद्या मालाबद्दल गंभीर शंका असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 40 नुसार ग्राहकाला ठरलेले शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासूनही घेता येतो. एका घराला हा खर्च जड जाईल. एका सोसायटीने किंवा बचत गटाने मिळून नेहमीच्या विक्रेत्याच्या मालाचा नमुना तपासून घेणे मात्र सहज जमण्यासारखे आहे.